व्हॉलीबॉल : पात्रता फेरी गेली, क्रमवारी आली

लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकसाठी पुरुषांच्या व्हॉलीबॉलमध्ये एक मोठा बदल झाला आहे. क्रिकेटच्या गर्दीत आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. आजवर ऑलिंपिकच्या आधी राष्ट्रीय संघांची खास पात्रता स्पर्धा व्हायची. सात-आठ दिवसांत निकाल लागायचा आणि जिंकणारे संघ ऑलिंपिकला जायचे. या वेळी ती स्पर्धाच ठेवलेली नाही.

ऑलिंपिकमध्ये संघ बाराच असतात. त्यांतील एक जागा यजमान अमेरिकेची. पाच जागा २०२६ मध्ये पाच खंडांच्या अजिंक्यपद स्पर्धा जिंकणाऱ्या संघांच्या. तीन जागा २०२७ च्या विश्वअजिंक्यपद स्पर्धेतून भरल्या जातील आणि उरलेल्या तीन जागतिक क्रमवारीतून. म्हणजे आठवडाभर जीव तोडून खेळायचे आणि नशिबाने साथ दिली तर आत जायचे, हा रस्ता बंद झाला. आता दोन-तीन वर्षे सतत खेळत राहावे लागेल.

मांजलपुरात राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांना याच्याशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे आहे, आणि ते दोन कारणांनी. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत आणि २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही भारताने अहमदाबादचेच नाव पुढे केले आहे. आपल्या घरापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर ऑलिंपिक होण्याची शक्यता आपल्या हयातीत प्रथमच निर्माण झाली आहे. दुसरे कारण असे, की ज्या दोषामुळे भारतीय संघ मागे राहिला तोच दोष आपल्या मंडळांच्या आणि शाळांच्या स्पर्धांतही आहे. तो दुरुस्त करणे मात्र आपल्या हातात आहे.

जुनी पात्रता स्पर्धा कशी होती

पॅरिस ऑलिंपिकच्या वेळची पद्धत पाहू. २०२३ च्या ३० सप्टेंबरपासून ८ ऑक्टोबरपर्यंत रिओ दि जानेरो, टोकिओ आणि चीनमधील शिआन अशा तीन शहरांत प्रत्येकी आठ संघ साखळी पद्धतीने खेळले. प्रत्येक संघाला सात सामने, प्रत्येक गटात अठ्ठावीस सामने आणि गटातील पहिले दोन संघ पॅरिसला. रिओमधून जर्मनी आणि ब्राझील, टोकिओतून अमेरिका आणि जपान, शिआनमधून पोलंड आणि कॅनडा पात्र ठरले.

ही स्पर्धा किती अटीतटीची असे, हे जपानच्या उदाहरणावरून कळते. घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर जपानने इजिप्तविरुद्ध पहिले दोन सेट जिंकले आणि तरीही सामना २-३ असा गमावला. आठवड्याच्या दुसऱ्याच दिवशी ऑलिंपिक हातचे जाणार असे वाटू लागले. मग त्यांनी एकेक सामना जिंकत स्लोव्हेनियाला ३-० असे हरवले तेव्हा कुठे जागा पक्की झाली. असा थरार प्रेक्षकांना आवडतो. खेळाडूंच्या दृष्टीने मात्र चार वर्षांची मेहनत आठ दिवसांवर टांगलेली असे.

यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या चोवीस संघांची निवड वर्षभर आधीच्या जागतिक क्रमवारीवरून झाली होती. म्हणजे क्रमवारीचे राज्य तेव्हाही होतेच. पात्रता स्पर्धेचे दार उघडे दिसत असले तरी त्याच्या बाहेरच्या फाटकावर क्रमवारीचा पहारा होता. भारत त्या फाटकाच्या आत गेलाच नाही.

भारत कुठे होता

भारतीय व्हॉलीबॉलचा इतिहास लाजिरवाणा मुळीच नाही. १९५२ मध्ये मॉस्कोच्या विश्वअजिंक्यपद स्पर्धेत आपला संघ खेळला होता. आशियाई खेळांत १९५८ मध्ये कांस्य, १९६२ मध्ये रौप्य आणि १९८६ मध्ये सोलला पुन्हा कांस्यपदक मिळाले. सोलच्या त्या संघात जिमी जॉर्ज होता. केरळ पोलिसांत नोकरी करणारा हा खेळाडू इटलीच्या व्यावसायिक क्लबांसाठी खेळला. १९८७ च्या नोव्हेंबरात इटलीतच मोटार अपघातात तो गेला, तेव्हा तो अवघा बत्तीस वर्षांचा होता. त्याच्यानंतर आशियाई खेळांत पुरुषांच्या व्हॉलीबॉलमध्ये भारताला पदक मिळालेले नाही.

ऑलिंपिकच्या पात्रतेचे प्रयत्नही झाले. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकसाठी बर्लिनला झालेल्या पात्रता स्पर्धेत यजमान जर्मनी, क्युबा आणि चेक प्रजासत्ताक यांच्याबरोबर भारत होता. तिथून जर्मनी पुढे गेली. टोकिओ ऑलिंपिकसाठीची आशियाई पात्रता स्पर्धा २०२० च्या जानेवारीत चीनमधील जिआंगमेन येथे झाली. तिथून आपण गटातूनच परतलो आणि ऑलिंपिकची जागा इराणने मिळवली. भारताचा व्हॉलीबॉल संघ आजपर्यंत एकदाही ऑलिंपिक खेळलेला नाही.

मग आपले खेळाडूच कमी पडतात का? २०२३ च्या सप्टेंबरात हांगचौच्या आशियाई खेळांनी या प्रश्नाचे उत्तर दिले. जागतिक क्रमवारीत तेव्हा भारत ७३ वा आणि दक्षिण कोरिया २७ वा. मागच्या आशियाई खेळांत कोरियाने रौप्यपदक जिंकले होते. त्या कोरियाला आपण पाच सेटमध्ये हरवले आणि शेवटचा सेट १७-१५ असा घेतला. पाठोपाठ चिनी तैपेईला ३-० असे हरवून आपण उपांत्यपूर्व फेरीत गेलो. तिथे जपानने आपल्याला सरळ तीन सेटमध्ये नमवले, आणि पाचव्या क्रमांकाच्या लढतीत पाकिस्ताननेही तेच केले. भारत सहावा आला.

आता यातली मेख पाहा. हांगचौला आलेला तो जपानचा मुख्य संघ नव्हताच. मुख्य संघ टोकिओत ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेची तयारी करत होता. जपानकडे एकाच महिन्यात दोन देशांत उतरवण्याइतके तयार खेळाडू होते आणि त्यांच्या दुसऱ्या फळीनेही कांस्यपदक नेले. कोरियाला हरवणारे आपले सहा जण आणि जपानची दुसरी फळी यांच्यातला फरक उंचीचा किंवा ताकदीचा फारसा नाही. तो वर्षभरात खेळलेल्या सामन्यांचा आहे.

क्रमवारीचे गणित

जागतिक महासंघाने २०२० पासून क्रमवारीची पद्धत बदलली. पूर्वी स्पर्धेत कितवा क्रमांक आला त्यावर गुण मिळत. आता प्रत्येक सामन्याचा हिशेब होतो. दोन संघांची आधीची ताकद पाहून अपेक्षित निकाल काढतात. अपेक्षेपेक्षा चांगले खेळलात तर गुण वाढतात, वाईट खेळलात तर घटतात, आणि एकाच्या खात्यात जमा होतात तितकेच दुसऱ्याच्या खात्यातून वजा होतात. ३-० आणि ३-२ यांतही फरक केला जातो. बलाढ्य संघाकडून दुबळा संघ २-३ असा हरला तरी त्याचे भले होऊ शकते.

शिवाय सामन्यांचे वजन वेगवेगळे आहे. ऑलिंपिकच्या सामन्याला ५०, विश्वअजिंक्यपदाच्या सामन्याला ४५, तर दर उन्हाळ्यात होणाऱ्या नेशन्स लीगच्या सामन्याला ४०. छोट्या प्रादेशिक स्पर्धांचे वजन याहून बरेच कमी आहे.

ही नेशन्स लीग २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यात आता अठरा संघ आहेत आणि प्राथमिक फेरीतच प्रत्येक संघाला बारा सामने मिळतात, तेही जगातल्या उत्तम संघांशी. जपान आणि इराण तिथे दर वर्षी खेळतात. भारत त्या अठरांत नाही. म्हणून आपले सामने कमी, ते कमी वजनाचे, आणि गुण वाढायला वावच नाही. गुण नाहीत म्हणून लीगमध्ये प्रवेश नाही, आणि लीगमध्ये प्रवेश नाही म्हणून गुण नाहीत. हे चक्र एखाद्या दिवशी कोरियाला हरवून तुटत नाही.

नवी पद्धत आपल्यावर अन्याय करणारी आहे का? एका अर्थी, हो. श्रीमंत संघटनांना वर्षभर संघ फिरवता येतो. दुसऱ्या अर्थी ती जास्त प्रामाणिक आहे. आठ दिवसांच्या स्पर्धेत एखाद्याचा घोटा मुरगळला की चार वर्षे पाण्यात जात. आता एक वाईट दिवस सगळे बुडवत नाही आणि एक चांगला दिवस सगळे तारतही नाही.

इराण पुढे गेला, आपण मागे का?

२००३ मध्ये थायलंडला मुलांची युवा विश्वअजिंक्यपद स्पर्धा झाली. ब्राझील पहिला आला, भारत दुसरा आणि इराण तिसरा. होय, आपली मुले तेव्हा इराणच्या पुढे होती.

त्यानंतर इराणने काय केले? २००७ मध्ये त्यांची पुढची युवा पिढी जगज्जेती झाली. २०११ मध्ये त्यांनी हुलिओ वेलास्को या नामवंत प्रशिक्षकाला आणले आणि त्याच वर्षी आशियाई अजिंक्यपद प्रथमच जिंकले. २०१३ मध्ये त्यांना वर्ल्ड लीगमध्ये, म्हणजे आजच्या नेशन्स लीगच्या आधीच्या स्पर्धेत, प्रवेश मिळाला आणि इटली, सर्बिया, क्युबा यांच्याशी खेळण्याची सवय लागली. २०१६ मध्ये रिओला ते पहिले ऑलिंपिक खेळले आणि थेट उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले. आशियाई खेळांतली गेली तिन्ही सुवर्णपदके त्यांचीच आहेत. युवा संघ, देशातली पक्की लीग, एकच दीर्घ योजना आणि मोठ्या संघांशी भरपूर सामने, अशी ती पायरी-पायरीची वाट होती.

त्याच काळात आपल्याकडे घरातली भांडणे चालली होती. संघटनेतील गटबाजीमुळे २०१६ च्या डिसेंबरात जागतिक महासंघाने भारतीय व्हॉलीबॉल महासंघाला निलंबित केले. २०१९ मध्ये प्रो व्हॉलीबॉल लीग सुरू झाली आणि एकाच मोसमानंतर महासंघ व आयोजक यांच्यातल्या वादात ती बंद पडली. प्रकरण न्यायालयात गेले. पुढे २०२२ मध्ये नव्या रूपात प्राइम व्हॉलीबॉल लीग आली. या काळात जी मुले अठरा-वीस वर्षांची होती, त्यांची उमेदीची वर्षे कागदोपत्री वादात गेली. २००३ ची ती रौप्यपदक जिंकणारी पिढी इराणच्या पिढीसारखी पुढे का आली नाही, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

प्राइम लीगने बरेच सुधारले, हे मान्य केले पाहिजे. आपल्या गुजरातचा अहमदाबाद डिफेंडर्स पहिल्या मोसमात उपविजेता आणि २०२३ मध्ये विजेता ठरला. त्याच जोरावर तो डिसेंबर २०२३ मध्ये बंगळुरूच्या जागतिक क्लब स्पर्धेत खेळला. तिथे तो गटातच बाद झाला, पण इटली-ब्राझीलच्या संघांची सर्व्हिस घेणे म्हणजे काय हे आपल्या मुलांना कळले. २०२५ मध्ये मुंबई मिटिअर्सने अंतिम फेरी गाठली. तरीही ही लीग जेमतेम महिनाभर चालते आणि तिच्यातला सेट पंधरा गुणांचा असतो. आंतरराष्ट्रीय सेट पंचवीस गुणांचा. पंधराच्या सेटमध्ये सुरुवातीचा जोर पुरतो. पंचवीसच्या सेटमध्ये विसाव्या गुणानंतरचा दम लागतो, आणि हांगचौला जपान व पाकिस्तानपुढे आपण नेमके तिथेच कमी पडू लागलो, असे मला वाटते.

यजमानाचे दार

आता २०३६ कडे येऊ. ऑलिंपिकच्या यजमान देशाच्या व्हॉलीबॉल संघाला आजवर थेट प्रवेश मिळत आला आहे. अहमदाबादला ऑलिंपिक मिळाले आणि ही प्रथा टिकली, तर भारत पात्रता न मिळवताही खेळेल. मग काळजी कशाला?

काळजी अशी, की या दाराने आत गेलेल्या दोन देशांच्या दोन वेगळ्या कहाण्या आहेत. पहिली जपानची. १९६४ मध्ये टोकिओत व्हॉलीबॉल प्रथमच ऑलिंपिकमध्ये आले. यजमान जपानच्या पुरुषांना कांस्य मिळाले. तिथे न थांबता प्रशिक्षक मात्सुदाइरा यांनी आठ वर्षांचे लक्ष्य ठेवले. १९६८ मध्ये रौप्य आणि १९७२ मध्ये म्युनिकला सुवर्ण. यजमानपद ही त्यांच्यासाठी पहिली पायरी होती.

दुसरी कहाणी ब्रिटनची. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी यजमान म्हणून प्रवेश मिळणार हे कळल्यावर त्यांनी काही वर्षांत संघ उभा केला. गटातले पाचही सामने ते हरले. ऑलिंपिक संपल्यावर त्याच वर्षी सरकारी निधी बंद झाला आणि पुरुषांचा ऑलिंपिक कार्यक्रमही थांबला. मांडव उतरला, वऱ्हाड परतले आणि संसार काही उभा राहिला नाही.

आपल्यापुढे नेमकी ही निवड आहे. २०३६ मध्ये बावीस ते सव्वीस वर्षांचा असणारा खेळाडू आज शाळेत आहे. तो कदाचित मांजलपूरच्या एखाद्या सोसायटीत राहत असेल. त्याला आज सामने मिळाले नाहीत तर २०३५ मध्ये घाईने भरवलेल्या शिबिराचा काही उपयोग नाही.

बडोद्याला हे नवे नाही

खेळ वाढतो कसा, हे बडोद्याच्या मराठी माणसाला कोणी बाहेरून येऊन शिकवण्याची गरज नाही. १९२३ मध्ये इथल्या हिंदविजय जिमखान्याने हुतूतूचे नियम छापले. तोवर गावोगावी हा खेळ वेगळ्या नावांनी आणि वेगळ्या रीतींनी खेळला जात होता. नियम ठरले म्हणून दूरदूरचे संघ एकमेकांशी खेळू शकले, पंच तयार झाले, स्पर्धा नियमित झाल्या. त्याच वाटेने पुढे कबड्डी १९९० च्या बीजिंग आशियाई खेळांपर्यंत पोचली. प्रोफेसर माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाममंदिर आणि मुजुमदारांनी दहा खंडांत सिद्ध केलेला व्यायामज्ञानकोश हीदेखील याच शहराची देणगी. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने आखाड्यातल्या घामाइतकेच नियमांना, नोंदींना आणि नियमित स्पर्धांना महत्त्व दिले होते.

आता आपल्या स्पर्धांकडे पाहू. महाराष्ट्र दिन असो की गणेशोत्सव, मंडळांच्या व्हॉलीबॉल स्पर्धा बहुधा एक-दोन दिवसांच्या आणि बाद पद्धतीच्या असतात. आठ संघ आले तर एकूण सात सामने होतात. चार संघ एकच सामना खेळून, वडापाव खाऊन घरी जातात. जे संघ आधीच चांगले, तेच जास्त खेळतात. ज्यांना शिकायचे आहे ते बाकावर. जागतिक पातळीवर भारताचे जे होते तेच आपण आपल्या मुलांचे करतो.

याच आठ संघांची साखळी लावली तर अठ्ठावीस सामने होतात आणि प्रत्येक संघाला सात मिळतात. हे दोन दिवसांत बसणार नाही, पण बसवायचेच कशाला? रविवारी सकाळी चार सामने घेतले तर सात रविवारांत सारे उरकते. नेट, दोन चेंडू, एक पंच आणि एक गुणलेखक पुरे. चषकाचा खर्च थोडा कमी करून तो पैसा चेंडूंवर घालता येईल. सेट मात्र पंचवीस गुणांचाच ठेवावा.

आणखी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, आपल्या सभासदांत निवृत्त रेल्वे, बँक आणि कारखान्यांतले जुने खेळाडू आहेत. त्यांतल्या काहींनी पंचांचे प्रशिक्षण घेतले तर मुलांना नियम लहानपणीच नीट कळतील. दोन, राज्य सरकारच्या खेल महाकुंभात व्हॉलीबॉल आहे. तिथे नाव नोंदवायला शाळा कंटाळा करत असेल तर पालकांनी पाठपुरावा करावा. तीन, मुलगा उंच नाही म्हणून त्याला परत पाठवू नये. लिबेरोची जागा चपळ आणि न घाबरणाऱ्या मुलासाठीच आहे, आणि चेंडू लावून देणाऱ्या लिफ्टरला उंचीपेक्षा डोके लागते.

मुलींना यात बरोबरीने घ्यावे, हे वेगळे सांगायला नको. गीर सोमनाथ जिल्ह्यातले कोडीनार तालुक्यातील सरखडी हे लहानसे गाव मुलींच्या व्हॉलीबॉलसाठी ओळखले जाते. तिथे मोठे स्टेडियम आधी आले आणि मग खेळाडू घडले, असे झालेले नाही. मुली रोज खेळत राहिल्या.

दहावीचे वर्ष आले की मैदान सुटते, ही आपल्या घरांतली जुनी अडचण आहे आणि ती खोटी नाही. व्हॉलीबॉलमध्ये पैसा क्रिकेटसारखा नाही. रेल्वे, सेनादले, पोलीस आणि सार्वजनिक कंपन्यांतल्या खेळाडू कोट्यातली नोकरी हाच अजून मुख्य आधार आहे. पण आठवड्यातून एक रविवार सकाळ कोणाचा अभ्यास बुडवत नाही. आठ वर्षांत अशा चारशेहून अधिक रविवार सकाळी येतात. त्यांतल्या निम्म्या जरी मैदानावर गेल्या, तरी २०३६ मध्ये अहमदाबादच्या प्रेक्षागृहात बसून आपण ज्या संघाला टाळ्या देऊ, तो केवळ यजमान म्हणून आत आलेला असणार नाही. आणि आपल्यातला कोणी त्या संघात नसला, तरी एकच सामना खेळून घरी परतणाऱ्या मुलांची संख्या मांजलपुरात नक्कीच कमी झालेली असेल.